डेक्कन क्वीन मेट्रोच्या रुळांवर

खेळण्यातल्या रेल्वेला खेळणं म्हटलेलं ती बाळगणाऱ्यांना खपत नाही. त्यांच्या लेखी ते 'मॉडेल' असतं. दोन्हींत फरक काय, असं विचाराल तर उत्तर सोपं आहे: खेळणं खोक्यातून काढलं की चालतं.

नवशिक्याला हे दुकानात कोणी सांगत नाही. त्याला खोक्यावर 'एचओ' अशी दोन अक्षरं दिसतात आणि तो निर्धास्त होतो. एचओ म्हणजे खऱ्या गाडीच्या सत्त्याऐंशीव्या हिश्श्याची गाडी, आणि दोन रुळांमधलं अंतर १६.५ मिलिमीटर. जगभर तेच. इथवर सगळं ठीक आहे, आणि ठीक असलेला भाग इथेच संपतो.

एचओ म्हणजे 'हाफ ओ', ओ मापाच्या निम्मं. आता ओ म्हणजे किती? जर्मनीत १:४५, अमेरिकेत १:४८, ब्रिटनमध्ये १:४३.५. यांपैकी फक्त ब्रिटिश ओ निम्मं केलं तर बरोबर १:८७ येतं. आणि एचओ वापरायला नकार देणारा देश कोणता? ब्रिटनच. त्यांच्याकडे 'डबल ओ' चालतं. झालं असं की ब्रिटनची खरी इंजिनं युरोपातल्या इंजिनांपेक्षा अंगाने लहान आणि शंभर वर्षांपूर्वीच्या मोटरा चांगल्या धष्टपुष्ट. सत्त्याऐंशीव्या हिश्श्याच्या इंजिनाच्या पोटात मोटर मावेना. तेव्हा त्यांनी इंजिन फुगवून १:७६ केलं, आणि रूळ मात्र होते तेच ठेवले. हिशेब मांडला तर त्यांची छोटी गाडी चार फूट साडेआठ इंचांऐवजी चार फूट दीड इंचाच्या रुळांवर धावते. मोटरा कधीच्या बारीक झाल्या, रूळ आहेत तसेच आहेत.

ज्यांना हे सहन झालं नाही, त्यांनी १८.२ मिलिमीटरचा पंथ काढला. ज्यांना १८.२ देखील सहन झालं नाही, ते १८.८३ वर गेले. पाऊण मिलिमीटरही नसलेल्या फरकावरून वेगळी चूल मांडणारी ही माणसं पाहून मराठी वाचकाला अगदी घरी आल्यासारखं वाटावं.

आपण हसायचं कारण नाही. साहेबाने स्वतःच्या देशात १४३५ मिलिमीटरचे रूळ टाकले आणि आपल्याकडे चांगले ऐसपैस १६७६ मिलिमीटरचे. त्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्श्याला १९.२६ मिलिमीटर होतात. पण बाजारात तयार मिळणारा एचओ रूळ १६.५ चाच, म्हणजे १४३५ चं मॉडेल. भारतातला बहुतेक प्रत्येक हौशी आपली लाडकी डेक्कन क्वीन त्यावरच पळवतो. १४३५ चे रूळ महाराष्ट्रात पाहायचे असतील तर एखादी मेट्रो गाठावी लागते, पुण्याची म्हणा. तेव्हा दिवाणखान्यात दिमाखाने घाट चढणारी ही राणी वास्तविक वनाज ते रामवाडी मार्गावर शिरली आहे. कोणाच्या लक्षात येत नाही, आणि ज्याच्या येतं त्याला पुन्हा चहाला बोलावत नाहीत.

असो, हा सगळा दिसण्याचा प्रश्न झाला. ब्रिटिश डबल ओ इंजिन एचओच्या रुळांवर बिनबोभाट चालतं. नवशिक्याची खरी परीक्षा पुढे आहे, विजेत.

मिरजेच्या स्टेशनात एकेकाळी ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज तिन्ही नांदत होत्या. पण तिथे एका गाडीला दुसरीच्या रुळांवर का जाता येत नाही, हे हमालालाही डोळ्यांनी दिसायचं. छोट्या रेल्वेत चाकं रुळांवर नेमकी बसतात आणि मग काहीच होत नाही. किंवा बरंच काही होतं.

आमच्या सोसायटीत एक निवृत्त काका आहेत. इंजिन भाच्याने जर्मनीहून आणलं, रूळ मुंबईत घेतले, दोन्ही खोक्यांवर एचओ. काकांनी नारळ फोडला, इंजिन ठेवलं, बटण दाबलं. पुरवठा टक्कन बंद. पुन्हा दाबलं, पुन्हा टक्कन.

"अहो, इंजिन नवीन आहे ना?" काकूंनी विचारलं.

"नवीनच आहे. मुहूर्त चुकला असेल."

मुहूर्ताचा दोष नव्हता. नेहमीच्या दोन-रुळी पद्धतीत एक रूळ धन, दुसरा ऋण. म्हणून एका आसावरच्या दोन चाकांत वीज आरपार जाऊ नये, अशी सोय केलेली असते. भाच्याने आणलेलं इंजिन मार्क्लिनचं, आणि त्या कंपनीचा खाक्या निराळा. तिथे वीज स्लीपरांच्या मधोमध असलेल्या बारीक खिळ्यांतून येते, इंजिनाच्या पोटाखालची पट्टी त्यांवर घासत जाते आणि दोन्ही रूळ मिळून परतीची एकच वाट. चाकं वेगळी ठेवण्याची गरजच नाही. असं इंजिन दोन-रुळी मार्गावर ठेवणं म्हणजे धन आणि ऋण यांच्यामध्ये लोखंडी सळई आडवी टाकणं. इंजिन कशाला, त्याच्या जोडीचा मुका डबासुद्धा तेवढं काम चोख करतो. गंमत अशी की खेळण्यातल्या रुळांना क्रमांक देऊन ठरावीक मापं प्रथम बाजारात आणली ती याच मार्क्लिनने, १८९१ साली लाइपझिगच्या जत्रेत. जगाला मापाचं वळण लावून झाल्यावर कंपनी स्वतः मधल्या वाटेने निघाली.

काका खचले नाहीत. न्यू जर्सीच्या मेहुणीकडून अख्खा सेट मागवला. त्याचा पॉवर पॅक १२० व्होल्टवरचा. काकांनी कोपऱ्यावरून पिना बदलणारं अडॅप्टर आणलं. ते फक्त पिना बदलतं, आपल्या भिंतीतले २३० व्होल्ट बदलत नाही. वास दुसऱ्या मजल्यापर्यंत आला. त्यानंतर काका डिजिटलकडे वळले.

डिजिटल म्हणजे डीसीसी. रुळांत कायम वीज असते आणि प्रत्येक इंजिनातला डिकोडर आपल्या क्रमांकाची आज्ञा तेवढी ऐकतो. नव्या इंजिनाचा क्रमांक कारखान्यातून येतानाच ३ असतो. काकांनी दोन इंजिनं घेतली. हुकूम सोडला आणि एक पुण्याकडे, एक मुंबईकडे तोंड करून उभी असलेली ती दोन्ही एकदम पुढे निघाली. खंडाळ्यापाशी, म्हणजे उशीपाशी, समोरासमोर भेटली. क्रमांक बदलता येतो, पुस्तिकेत लिहिलेलं असतं. पण पुस्तिका खोक्याच्या तळाशी असते आणि आपल्याकडे खोक्याचा तळ अपघातानंतरच पाहण्याची पद्धत आहे. डिकोडर नसलेलं जुनं इंजिन या रुळांवर ठेवलं तर ते जागच्या जागी गुणगुणतं. पाहुण्यांना तो खऱ्या इंजिनाचा आवाज वाटतो. ती मोटर तापत असते.

डबे जोडण्याची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण त्यात थोर असं काही नाही. अमेरिकन डब्याला मुठीसारखा कपलर, ब्रिटिश डब्याला आकडा आणि आडवी दांडी, युरोपियनाला कडी. तिघं एकमेकांकडे बघत उभे राहतात. काकांनी रबरबँड लावले. युरोपात कपलर बसवायच्या खोबणीचं माप ठरलेलं आहे, त्यामुळे ती खोबणी असलेल्या डब्याचा कपलर काढून दुसरा लावता येतो. ज्याला ती नाही, त्याला रबरबँडच.

खाली प्लास्टिकची खडी असलेले रूळ घेतलेत तर एका कंपनीच्या रुळाची खाच दुसरीच्या रुळात बसत नाही. रूळ तेच, अंतर तेच, प्लास्टिक निराळं. धातूही पाहून घ्या. स्वस्त सेटमधले पोलादी रूळ कोकणात एका पावसाळ्यात तांबूस होतात. 'निकेल सिल्व्हर'चे टिकतात, मात्र त्यात चांदी नसते. तांबं, निकेल आणि जस्त असतं, तेव्हा मोडीत घालायची स्वप्नं नकोत. आणि वळणाची त्रिज्या बघा. सेटमध्ये बहुधा १८ इंचांची येते. त्या वळणावर लांब डबे मधून आत घुसतात आणि टोकांनी बाहेर झुलतात. मोठं वळण हवं तर मोठी जागा हवी, आणि आठ बाय चारचा प्लाय मुंबईच्या वन बीएचकेत उतरवला की घरात रेल्वे राहते, माणसं नाही.

मग कोणी नियमच केले नाहीत का? केले की. अमेरिकेत एनएमआरए ही हौशी लोकांची संस्था १९३५ पासून तेच करते आहे, युरोपात मोरोप करते. नियम चांगले आहेत, सविस्तर आहेत आणि ऐच्छिक आहेत. चाकाची कड, ती कड जिथून जाते ती रुळालगतची फट, डीसीसीची भाषा, जे काही आज एकमेकांशी जुळतं ते मुख्यतः या लोकांमुळे. जे जुळत नाही त्यामागे मला तरी अज्ञान दिसत नाही. तुम्ही पहिला रूळ आमचा घेतलात, तर दहावाही आमचाच घ्यावा लागेल, एवढा साधा धंदा आहे.

तेव्हा ज्यांना हा छंद लावून घ्यायचाच आहे, त्यांनी पैसे काढण्यापूर्वी दुकानदाराला चार गोष्टी विचाराव्यात: दोन-रुळी की मधल्या खिळ्यांची, साधी की डिजिटल, कपलर कोणता आणि पॉवर पॅक किती व्होल्टचा. चारही प्रश्नांना मिळून "चालेल हो" असं एकच उत्तर आलं, तर दुकान बदलावं. पहिलं वर्ष एकाच कंपनीच्या एकाच सेटवर काढावं. त्याआधी कोथरूडला जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय आहे, तिथे जाऊन तासभर चालत्या गाड्या पाहाव्यात. तिकीट ट्रान्सफॉर्मरपेक्षा स्वस्त पडतं. आणि परदेशातल्या भाच्याला आजच फोन करून सांगा, येताना चॉकलेटच आण.