एक बॉट, अनेक बोटे

प्रश्न टंकण्याऐवजी तयार उत्तरांच्या बटणांवर बोट ठेवून काम उरकता यावे, यासाठी संभाषण करणाऱ्या आज्ञावलीला, म्हणजे रूढ शब्दांत बॉटला, जी यादी जोडली जाते, तिला संवादी मेनू म्हणतात. टेलिग्रामने बॉटची सोय जून २०१५ मध्ये आणि संदेशाखाली चिकटलेली बटणे एप्रिल २०१६ मध्ये दिली. महाराष्ट्र शासनाने 'आपले सरकार'च्या सेवा व्हॉट्सअ‍ॅपवर आणण्यासाठी फेब्रुवारी २०२५ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपची मालक कंपनी मेटा हिच्याशी करार केला, तेव्हा हा विषय संगणकतज्ज्ञांच्या टेबलावरून थेट पारावर आला.

या मेनूमागचे गृहीतक असे की, एक क्रमांक म्हणजे एक माणूस. बीड जिल्ह्यात, माजलगाव तालुक्यातील दिंद्रुडसारख्या गावात ते नेले, तर त्याची पंचाईत होते. कारण ज्या ऊसतोडीवर या जिल्ह्यातील असंख्य घरे चालतात, तिच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक 'कोयता' होतो, मुकादम उचल देतो ती कोयत्यावर, आणि एकटा मजूर असेल तर तो अर्धा कोयता मोजला जातो. अशा कोयत्याचा फोनही बहुधा एकच असतो, तो ज्याच्या हाती असेल त्याचा असतो, आणि बॉटने 'आपले नाव?' असे विचारल्यास अचूक उत्तर देण्यासाठी आधी घरात विचारविनिमय करावा लागतो.

एका फोनवर दोघे, ही तरी सोपी अवस्था. बहुवापरकर्ता बॉट म्हणजे एकाच गटात अनेकांशी एकाच वेळी बोलणारा बॉट. तो भावकीच्या ग्रुपमध्ये बसवला, तर काय होईल याची कल्पना करावी. पुतण्याने सातबारा मागितला, बॉटने बटणे पुढे केली, पण टेलिग्रामच्या गटात ती बटणे सर्वांनाच दिसतात आणि कोणालाही दाबता येतात. त्यामुळे पुतण्या चष्मा शोधेपर्यंत चुलत्याने 'फेरफार' दाबलेले असते आणि पुण्याला नोकरीस असलेल्या धाकट्याने, विषय काय हे न वाचताच, 'मागे'. यावर शास्त्रशुद्ध उपाय असा की, गटाचा क्रमांक आणि व्यक्तीचा क्रमांक या जोडीगणिक संभाषणाची स्थिती, म्हणजे कोण कोणत्या पायरीवर आहे याची नोंद, वेगळी ठेवावी आणि मेनू ज्याने मागवला त्याच्याखेरीज इतरांना 'हा मेनू आपला नाही' असे उत्तर द्यावे. उपाय निर्दोष आहे. फक्त थोरल्या चुलत्याला भर भावकीत 'हा आपला नाही' असे ऐकवल्यावर बांधावर जे उद्भवते, त्यासाठी बटणाची सोय अद्याप झालेली नाही.

दुसरी अडचण मापाची आहे. टेलिग्रामच्या बटणामागे जी खूण दडवावी लागते, तिला ६४ बाइटची मर्यादा आहे. रोमन अक्षर एका बाइटमध्ये मावते, देवनागरीचे प्रत्येक अक्षर, मात्रा आणि वेलांटी मात्र तीन-तीन बाइट घेते. परिणामी 'माजलगाव तालुका कृषी अधिकारी' ही खूण ७५ बाइटची होऊन बाहेर पडते, आणि सगळे कार्यालय 'टी-७' अशा सांकेतिक रूपात आत बसते. साहेबांना हे कळू न देणेच इष्ट.

मेनूतील सर्वांत अभ्यासनीय ओळ मात्र शेवटची असते: 'इतर'. रचनाकार ती केवळ शिष्टाचार म्हणून ठेवतो. प्रत्यक्षात माणसाचे काम 'पीक विमा', 'रस्ता' किंवा 'पाणी' यांपैकी एकाच खान्यात क्वचितच बसते, कारण पाणी नसल्याने पीक गेलेले असते आणि रस्ता नसल्याने पंचनामा अडलेला असतो. शिवाय 'इतर' दाबल्यावर बहुधा तोच मेनू पुन्हा उघडतो, आणि ही परंपरा बॉटने कार्यालयांकडूनच उचलली असावी, असे मानण्यास जागा आहे.

तेव्हा मराठवाड्यासाठी बॉट रचणाऱ्यांना एवढीच विनंती, की 'आपले नाव?' या प्रश्नाआधी 'काम कोणाचे?' हा प्रश्न ठेवावा आणि त्याखाली 'माझे', 'घरच्यांचे' व 'शेजाऱ्याचे' ही बटणे द्यावीत. व्हॉट्सअ‍ॅप अशा एका संवादी संदेशाखाली उत्तराची तीनच बटणे देते, आणि प्रत्येकावर वीसच अक्षरे. ही तिन्ही त्यात बसतात.