सूचक : तात्या

‘तात्या आहेत का घरी?’ असं विचारलं की काकी भाकरी थापता थापता मान वर न करता सांगतात, ‘घरी? आन् ते? पंचायत समितीत बघा. तितं न्हाई गावलं तर सातारला झेडपीत. तितं बी न्हाईत म्हणाले, तर समजा आजारी पडल्यात आन् दवाखान्यात कुणाचा तरी अर्ज लिवत बसल्यात.’

माण-खटावपासून खाली कडेगाव, आटपाडी, जतपर्यंत कुठल्याही गावात जा, असा एक तात्या सापडतोच. कुठं त्याला आण्णा म्हणतात, कुठं बापू, कुठं आबा. वय सत्तरीच्या आसपास, टोपी कडक, चपलेचा अंगठा शिवलेला. पद कुठलंच नाही. एकदा वॉर्डात उभे राहिले आणि पडले. निवडून आलेल्या सदस्याचं नाव आज गावाला आठवत नाही. पण ‘दाखला कुठं मिळतो’, ‘विहिरीचं प्रकरण कुठं अडकलंय’ हे विचारायला माणसं तात्यांच्याच ओट्यावर येतात.

तात्यांच्या खांद्याला रेक्झिनची पिशवी असते. तिच्यात काय असतं? दोरीनं बांधलेली फाईल, कार्बन पेपर, ग्रामपंचायतीच्या लेटरहेडचे दोन कोरे कागद (हे कसे आले ते विचारायचं नाही), चष्म्याचं रिकामं घर आणि चुना-तंबाखू. फाईल उघडली की गावाचा तीस वर्षांचा इतिहास ‘उपरोक्त विषयास अनुसरून’ असा सुरू होतो. तात्यांच्या लेखी अर्ज महत्त्वाचा नाहीच. महत्त्वाची ती पोच. अर्जाच्या प्रतीवर आवक क्रमांक, गोल शिक्का आणि कारकुनाची वेडीवाकडी सही पडली की तात्यांचा चेहरा असा खुलतो, की बघणाऱ्याला वाटावं पूल बांधूनच झाला. ‘काम हुईल न हुईल,’ ते मला म्हणाले, ‘पर पोच हाय आपल्याकडं.’ आवाजात सात-बाऱ्यावर नाव लागल्याचं समाधान.

तात्यांना गावात रस्ता, गटार, समाजमंदिर दिसतच नाही; दिसतात ती लेखाशीर्षं. आपल्याला वाटतं, चिखल झालाय, खडी टाकावी. तात्या विचारतात, ‘हेड कुठलं?’ सभामंडप असेल तर पंचवीस-पंधरा. गावाबाहेरचा रस्ता असेल तर तीस-चौपन्न. स्मशानभूमी असेल तर जनसुविधा. गटार असेल तर वित्त आयोग, त्यातही बंधित, कारण बंधित पैसा पाणी आणि स्वच्छता सोडून दुसरीकडं वळत नाही. बारक्या पोरांना पाढे यावेत तसे हे आकडे त्यांच्या तोंडात. एकदा वरच्या आळीतल्या एका म्हाताऱ्याच्या मयतीला आम्ही गेलो होतो. पावसाळा, स्मशानाची वाट गुडघाभर राडीची. सगळे माना खाली घालून चालले होते. तात्या खांदा बदलून माझ्या बाजूला आले, मला वाटलं गेलेल्या माणसाबद्दल दोन शब्द बोलतील. ते कानात पुटपुटले, ‘तीनशे दहा मीटर भरतोय. मुरूम धरून अंदाजपत्रक बसतंय.’ पावलं मोजत आले होते! त्या म्हाताऱ्याच्या वर्षश्राद्धापर्यंत रस्ता झाला, हेही सांगितलं पाहिजे.

सण म्हणाल तर तात्यांचे चारच. सव्वीस जानेवारी, एक मे, पंधरा ऑगस्ट आणि दोन ऑक्टोबर. या दिवशी ग्रामसभा असते. बाकीचं गाव झेंड्याला सलाम करून जिलेबीच्या पुड्याकडं वळतं, तात्या मात्र इस्त्रीचा सदरा घालून पहिल्या रांगेतल्या सतरंजीवर मांडी ठोकतात. गणपूर्तीला मतदारांपैकी पंधरा टक्के किंवा शंभर, यातली जी संख्या कमी असेल तितकी डोकी लागतात. ती कधीच भरत नाहीत. नवख्या ग्रामसेवकाला घाम फुटतो, तात्या निवांत. कारण तहकूब झालेली सभा पुन्हा भरली की तिला गणपूर्तीचं बंधन नसतं, हे त्यांना पाठ आहे. ‘तहकूब सभा लई चांगली,’ ते सांगतात, ‘फकस्त कामाची माणसं येत्यात.’ म्हणजे ते स्वतः, शिपाई आणि ओट्यावर झोपलेला एक कुत्रा. इतिवृत्तात मग ओळीनं ठराव पडत जातात. प्रत्येकाखाली ‘सूचक’ म्हणून तात्यांचं नाव. अनुमोदक बदलत राहतात, सूचक अढळ.

२०११पासून पंचायतीतल्या निम्म्या जागा बायकांच्या झाल्या आणि गावात सरपंचताई आल्या. पहिल्या सभेला खुर्चीत त्यांचे मालक बसले. तात्यांनी उभं राहून विचारलं, ‘सभेला सरपंच उपस्थित हायत का? न्हाईतर तहकूब करा.’ मालक उठले. त्या दिवसापासून ताई तात्यांच्या शिष्या. एमबी म्हणजे काय, तांत्रिक मान्यता आधी की प्रशासकीय, जेई फोन उचलत नसेल तर कुणाला लावायचा, हे सगळं तात्यांनी शिकवलं. दोन वर्षांत ताई इतक्या तयार झाल्या की एका सभेत तात्यांनी व्यायामशाळेचा विषय काढताच त्या शांतपणे म्हणाल्या, ‘तात्या, हेड कुठलं?’ सभेत हशा पिकला. तात्या घरी येऊन काकींना सांगत होते, ‘पोरगी हुशार निघाली.’ जेवताना मात्र गप्प होते म्हणे.

तात्यांच्या हाती चहा दिला की ते इतिहासात शिरतात. इथं पाहुण्यानं घड्याळ बघू नये. २ ऑक्टोबर १९५२ला समाजविकास योजना आली, तवापासून ‘गट’ हा शब्द आला. १९५७ला बलवंतराय मेहतांनी सांगितलं की योजना लोकांच्या हातात द्या. मग वसंतराव नाईकांची समिती, १९६१चा कायदा आणि १९६२च्या एक मेला जिल्हा परिषद. ‘आन् हे कुणी केलं? आपल्या यशवंतरावांनी!’ इथं आवाज चढतो. यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव देवराष्ट्रे, आज सांगली जिल्ह्यात. पण ते जन्मले १९१३ला, तेव्हा सांगली जिल्हा नव्हताच. १९४९ला दक्षिण सातारा निघाला आणि १९६०ला त्याची सांगली झाली. त्यामुळं साताऱ्याचे तात्या ‘आमचे’ म्हणतात आणि सांगलीचेही तात्या ‘आमचे’ म्हणतात. दोघांच्या फायलीत कात्रणं आहेत.

तिथून गाडी कृष्णेवर येते. बच्छावत लवादानं महाराष्ट्राला ५६० टीएमसी दिलं, ते २०००च्या आत अडवायचं होतं, म्हणून १९९६ला कृष्णा खोरे महामंडळ, म्हणून रोखे, आणि त्या पैशावर टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा योजनांची कामं. पाणी चढावर उचलायचं, मोटारींचं वीजबिल कुणी भरायचं, कुठल्या टप्प्यावर कुणाचं शिवार सुटलं, हे ते काडीनं जमिनीवर रेघा मारून दाखवतात. धोरणावर लिहिणाऱ्या पुष्कळ विद्वानांना मी ऐकलंय. पाणी माझ्या डोक्यात शिरलं ते तात्यांच्या त्या काडीनं.

‘आमचं गाव, आमचा विकास’ आराखडा आला तेव्हा प्रशिक्षणवाली मंडळी मारुतीच्या देवळापुढं गावाचा नकाशा काढायला आली. रांगोळीनं रस्ते, निळीनं ओढा, आणि घराघराला ज्वारीचा एकेक दाणा. सगळं गाव उकिडवं बसून आपापलं घर शोधत होतं. एका आजीनं निळीचा ओढा पुसून दुप्पट रुंद काढला. ‘आसा व्हता,’ ती म्हणाली. क्षणभर सगळे गप्प, कारण रुंदावलेल्या ओढ्यात तात्यांच्या चुलतभावाचा गोठा आला होता. कुणी काही बोलणार एवढ्यात शेजारच्या वाड्यातून चार कोंबड्या आल्या आणि वरच्या आळीतली बावीस घरं टिपून गेल्या. प्रशिक्षणातली मुलगी ‘हाड हाड’ करत धावली. तात्या उठून उभे राहिले आणि जाहीर केलं, ‘बघा! वरच्या आळीवर पैल्यापासनं आसाच अन्याय होत आलाय. नोंद घ्या!’ नोंद घेतली गेली. गोठ्याची राहिली.

कुठलंही अभियान आलं की तात्या दहा वर्षांनी तरुण होतात. तासगावच्या अंजनीचे आर. आर. आबा ग्रामविकासमंत्री असताना गाडगेबाबांच्या नावानं ग्रामस्वच्छता अभियान निघालं, तेव्हा तात्यांनी पहाटे पाचला खराटा घेऊन अख्खी पेठ जागी केली. तपासणी समिती येणार त्या दिवशी भिंती रंगल्या, म्हशी मळ्यात गेल्या, आणि कुणी चुकून गटारात चूळ टाकू नये म्हणून कोपऱ्याकोपऱ्यावर पोरं उभी केली. काकींचं मत वेगळं होतं. ‘गावचा केर ह्यांनी काढला. घरचा कुणी काढला त्ये समितीला दाखवायचं राहिलं.’

२०१६ला कोरेगाव तालुक्यातल्या वेळूनं पाणी अडवायच्या स्पर्धेतला पहिला वॉटर कप नेला, २०१८ला माणमधल्या टाकेवाडीनं. मध्ये तात्यांना झोप नव्हती. आमच्या गावानंही भाग घेतला. पंचेचाळीस दिवस उन्हातान्हात चर खणायचे. तात्यांचं काम वहीत घनमीटर लिहायचं, असं पोरांनी ठरवलं होतं. पण चौथ्या दिवशी त्यांनी वही एका शाळकरी पोराला दिली आणि कुदळ उचलली. पाठ धरली ती पावसाळाभर. बक्षीस काही मिळालं नाही. पहिल्या पावसात चर भरल्यावर मात्र पाठीला पट्टा बांधून, काठी टेकत टेकडीवर गेले आणि प्रत्येक चरात बोट बुडवून आले.

अभ्यास दौरा हा तात्यांच्या आयुष्यातला खरा चैनीचा भाग. हिवरे बाजार बघायचं म्हणून निघालेली गाडी शनिशिंगणापूर आणि शिर्डीवरून येते, तो मुद्दा वेगळा. बाकीचे दर्शनाच्या रांगेत असताना तात्या कुणाच्या तरी गटारावरचं झाकण उचलून बघत असतात. संभाजीनगरजवळच्या पाटोद्याला पट्टी भरणाऱ्यांचं दळण पंचायत फुकट दळून देते, हे बघून ते भारावून आले. सभेत विषय मांडला. गावातला गिरणीवालाच सदस्य. अनुमोदक मिळाला नाही. कडेगावच्या मोहित्यांचे वडगावला संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही-मोबाईल बंद ठेवून पोरं अभ्यासाला बसतात, हे कळल्यावर तात्यांनी तिथंही चक्कर मारली. आमच्याकडं भोंगा बसला. पहिल्याच संध्याकाळी तो वाजला तेव्हा तात्या स्वतः फोनवर बीडीओंशी बोलत होते. काकींनी फोन हातातून काढून घेतला. ‘ठराव तुमचाच हाय न्हवं?’

ठरावानं काय होतं, असं कुणी हिणवलं की तात्या जतचं नाव घेतात. जतच्या पूर्व भागातल्या चाळीसेक गावांनी २०१२ला पाण्यापायी ठराव केला, की पाणी देत नसाल तर आम्ही कर्नाटकात जातो. कागद पडून राहिला. २०२२ला कर्नाटकच्या मुख्यमंत्र्यांनी त्याचा दाखला दिला आणि मुंबईत पळापळ झाली, म्हैसाळच्या विस्तारित योजनेची चक्रं फिरली. ‘धा वर्सं कागद झोपला व्हता,’ तात्या म्हणतात, ‘मेला न्हवता.’

आता गावात सगळीकडं बंदिस्त गटार आहे. एक दार सोडून. तात्यांच्या घरापुढचा साठ फुटांचा तुकडा दर आराखड्यात येतो आणि तात्या स्वतःच तो शेवटच्या क्रमांकावर ढकलतात. ‘लोक म्हणत्याल, पिशवी घिऊन फिरला ते सोताच्या दारासाठी.’ काकी अजून मोरीचं पाणी बादलीनं नेऊन नारळाच्या आळ्यात ओततात. नारळ जोरात आहे.

गेल्या उन्हाळ्यात मी तात्यांबरोबर दोन जिल्ह्यांच्या शिवेवरच्या रस्त्यावर गेलो. साताऱ्याचं डांबर एका बाभळीपाशी संपतं, सांगलीचं मोरीच्या पलीकडं सुरू होतं. मधला दोनेकशे मीटरचा पट्टा दोन्ही जिल्ह्यांच्या रस्त्यांच्या नोंदवहीत नाही. पलीकडच्या गावचे आण्णा आधीच येऊन मोरीच्या कठड्यावर बसले होते. तशीच टोपी, तशीच पिशवी, फक्त रंग तपकिरी. राम राम झाला. दोघांनी फायली सोडल्या, पोचा एकमेकांना दाखवल्या. सव्वीस पोचा विरुद्ध एकोणतीस. आमचे तात्या जरा खट्टू झाले.

‘संयुक्त ठराव करू,’ शेवटी आण्णा म्हणाले. तात्यांनी मान डोलावली. कोरा कागद निघाला, विषय लिहून झाला, मजकूर झाला.

‘सूचक मी,’ तात्या म्हणाले, ‘अनुमोदक तुमी.’

‘आसं कसं? मोरी आमच्या हद्दीत हाय.’

‘आन् बाभळ?’

टेप निघाला. एक टोक तात्यांच्या हातात, एक आण्णांच्या, दोघं रस्त्याच्या मधोमध. मागून उसाचे दोन ट्रेलर ओढत एक ट्रॅक्टर आला, थांबला, आणि हॉर्न वाजवून वाजवून ड्रायव्हर वैतागला.

‘आवं म्हाताऱ्यांनो, रस्ता सोडा की!’

दोघांनी एकदमच मागं वळून त्याच्याकडं बघितलं.

‘कुठला रस्ता?’ तात्या म्हणाले. ‘हितं रस्ता हायच कुठं कागदावर?’

‘न्हाईच!’ आण्णांनी जोरात अनुमोदन दिलं.