माले पहिलेच माहीत व्हतं

एखाद्या मंत्र्याच्या पूर्वायुष्यातील फौजदारी प्रकरण, जे त्याने निवडणुकीच्या वेळी दडविले किंवा जे सांगावयाचे राहून गेले, ते वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर प्रकट झाले म्हणजे जनतेत खळबळ माजते, असे तीच वर्तमानपत्रे दुसऱ्या दिवशी छापतात; परंतु सुरतेच्या ज्या लिंबायत भागात मी उभी हयात मराठी शाळेत मास्तरकी करण्यात घालविली, तेथे अशी खळबळ माजलेली मी एकदाही पाहिली नाही, आणि त्याचे श्रेय निर्विवादपणे आमच्या नानांकडे जाते. वृत्त गल्लीच्या तोंडाशी येऊन पोहोचावे, चहाच्या टपरीवर कोणी तरी "अरेरे!" म्हणण्यासाठी श्वास आत घ्यावा, आणि तेवढ्यात ओट्यावरून नानांचा शांत, किंचित कंटाळलेला स्वर यावा, "माले पहिलेच माहीत व्हतं." झाले. आत घेतलेला श्वास तसाच बाहेर पडतो, आणि मनुष्य मुकाट्याने लोचो खाऊ लागतो.

नाना मूळचे नंदुरबारकडचे. तापी खोऱ्यातून भुसावळहून येणाऱ्या रेल्वेने गेल्या दोन-तीन पिढ्यांत अर्धा खानदेश आणून उधना, लिंबायत, डिंडोली या भागांत ओतला, त्या ओघात तेही आले, आणि एका रंगाई-छपाईच्या मिलमध्ये टाइमकीपर म्हणून चिकटले. कोण किती वाजता फाटकातून आत आला आणि कोणाच्या नावापुढे लाल शाई पडावयाची, याची नोंद पस्तीस वर्षे ठेवल्यामुळे मनुष्यमात्राकडे पाहण्याची त्यांची दृष्टी हजेरीपटाच्या रकान्यांसारखी झाली आहे. त्यांच्या लेखी जगात निर्दोष असा कोणी नाही; फक्त काहींचे खाडे अद्याप मांडलेले नाहीत, इतकेच.

सेवानिवृत्तीनंतर हा हजेरीपट हातातून गेला तेव्हा नाना काही महिने अगदी उदास होते. पुढे त्यांना उमेदवारांच्या प्रतिज्ञापत्रांचा शोध लागला. सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली निर्णय दिला, आणि २००३ साली तो आणखी पक्का केला, की निवडणुकीस उभा राहणाऱ्या प्रत्येक इसमाने आपल्यावरील फौजदारी प्रकरणे, आपली मालमत्ता, देणी आणि शिक्षण यांचा तपशील शपथेवर लिहून द्यावा. जो खोटे लिहील किंवा मजकूर दडवील त्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड, किंवा दोन्ही. पुढे २०१८ साली न्यायालयाने असेही फर्माविले की उमेदवाराने आपली प्रकरणे वर्तमानपत्रात तीन वेळा प्रसिद्ध करावीत. या तीन जाहिराती, ज्या बँकेच्या लिलावाच्या नोटिसा आणि हरवलेल्या शेअर सर्टिफिकेटांच्या निवेदनांमध्ये मुंगीएवढ्या अक्षरांत दबून बसलेल्या असतात, त्या अखिल लिंबायतेत वाचणारा एकच पुरुष आहे, आणि त्यासाठी त्याने चौटा बाजारातून भिंग विकत आणले आहे. गुजराती प्रतिज्ञापत्रात फौजदारी रकान्यापुढे "लागु पडतुं नथी" असे शब्द आढळले की नाना भिंग खाली ठेवतात आणि एखाद्या वैद्याने निरोगी मनुष्याकडे पाहावे तसे संशयाने पाहतात.

या व्यासंगावर २०२४ च्या एप्रिलमध्ये जो घाला पडला त्याची हकीकत सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. आमचे लिंबायत सुरतेत असले तरी लोकसभेसाठी आमचे मत नवसारीत मोजले जाते. पण नानांची जिज्ञासा मतदारसंघाच्या सीमा मानीत नसल्यामुळे त्यांनी सुरतेच्या उमेदवारांची प्रतिज्ञापत्रेही नातवाच्या मोबाईलवरून उतरवून, छापून, दोऱ्याने शिवून ठेवली होती. आणि काय झाले? काँग्रेसचे उमेदवार निलेश कुंभाणी यांच्या सूचकांनी सह्या आमच्या नव्हेत असे लिहून दिल्यावरून २१ एप्रिलला त्यांचा अर्ज बाद ठरला, दुसऱ्या दिवशी उरलेल्या आठही जणांनी माघार घेतली, आणि भारतीय जनता पक्षाचे मुकेश दलाल मतदानाच्या दोन आठवडे आधीच बिनविरोध निवडून आले. पंगत मांडावी, पाने वाढावी, आणि यजमानाने येऊन लग्न उरकले म्हणून सांगावे, तशी नानांची अवस्था झाली. तीन दिवस त्यांनी कोणाचेही पूर्वचरित्र सांगितले नाही. "हे तरी पहिलेच माहीत होतं का?" असे मी चुकून विचारले, तेव्हा त्यांनी माझ्याकडे जो कटाक्ष टाकला तो मी जन्मात विसरणार नाही. पण चौथ्या दिवशी सकाळी ते ओट्यावर आले आणि म्हणाले, "मास्तर, त्या सह्यास्ना अक्षर पाहीसनच माले संशय उना व्हता."

नानांच्या विद्येचा खरा कस लागला तो देवेंद्र फडणवीस यांच्या प्रकरणात. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीच्या प्रतिज्ञापत्रात १९९६ आणि १९९८ मधील दोन प्रकरणांचा उल्लेख नाही, अशी तक्रार नागपूरच्या एका वकिलाने केली. ती दंडाधिकारी, सत्र, उच्च न्यायालय अशा पायऱ्या कधी चढत कधी उतरत दिल्लीस पोहोचली, आणि १ ऑक्टोबर २०१९ रोजी, म्हणजे महाराष्ट्रात निवडणूक तीन आठवड्यांवर आली असता, सर्वोच्च न्यायालयाने मुख्यमंत्र्यांवर खटला चालावा असा निकाल दिला. आमच्या ओट्यावर त्या दिवशी दोन तट पडले. एका तटाचे म्हणणे, हे कारस्थान आहे. दुसऱ्याचे, आता राजीनामा निश्चित. नाना दोहोंच्या मध्ये बसून, न्यायालयाने प्रकरणाची दखल घेणे आणि दोषारोप निश्चित करणे यांतील सूक्ष्म भेद, जो मला आजतागायत नीटसा कळलेला नाही, सुपारी कातरीत समजावून सांगत होते. ज्या प्रकरणात दोषारोप ठरला नाही पण दखल घेतली गेली, ते लिहावयास हवे की नको, एवढ्यावरच सारी मारामारी होती. पुढे फडणवीसांनी जातमुचलक्यावर जामीन घेतला, आणि ८ सप्टेंबर २०२३ रोजी नागपूरच्या न्यायालयाने त्यांना निर्दोष मुक्त केले. त्या संध्याकाळी कारस्थानवाले पेढे घेऊन आले आणि राजीनामावाले घराबाहेर पडले नाहीत. नानांनी पेढा घेतला, तोंडात टाकला, आणि म्हणाले, "माले पहिलेच माहीत व्हतं." आता, जो मनुष्य खटला उभा राहिला तेव्हाही हेच म्हणाला आणि खटला सुटला तेव्हाही हेच म्हणाला, त्याला वस्तुतः काय माहीत होते, असा प्रश्न तर्कशास्त्राच्या विद्यार्थ्यास पडेल, लिंबायतेत तो कोणास पडला नाही. मला पडला, पण मी तो गिळला, कारण पेढ्यांचा पुडा नानांच्या हाती होता.

एकदाच मी नानांना खरोखर अवाक झालेले पाहिले. विलायतेच्या परिवहनमंत्री लुईझ हेग यांनी २९ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीनामा दिला. २०१३ साली रस्त्यात चोरट्यांनी लुबाडले तेव्हा चोरीस गेलेल्या वस्तूंच्या यादीत त्यांनी कचेरीचा मोबाईलही लिहून दिला होता. तो मागाहून घरीच सापडला, प्रकरण न्यायासनापुढे गेले, त्यांनी गुन्हा कबूल केला, आणि न्यायाधीशांनी सशर्त सोडून दिले. मंत्रिपदी येण्याच्या कितीतरी आधी आपल्या पक्षाच्या नेत्यास त्यांनी ही गोष्ट सांगितली होती, असे त्यांचे म्हणणे. तरीही लोकांपुढे ती येताच एका रात्रीत त्या पायउतार झाल्या. मी हे वाचून दाखवीत होतो आणि नाना "पुढे?" "पुढे?" करीत होते, कारण पुढे खून, निदान अफरातफर तरी निघेल अशी त्यांची रास्त अपेक्षा होती. पुढे काही नाही म्हटल्यावर त्यांनी अडकित्ता खाली ठेवला. "एक मोबाईलसाठे? आनि तोबी सापडेल? त्या बाईले कोनी समजाडनारं नही व्हतं का?" आमच्या रिंगरोडच्या बाजारात दिवसाकाठी किती मोबाईल हरवतात आणि त्यांतले किती घरीच सापडतात याचा हिशेब ते रात्री उशिरापर्यंत करीत होते. साहेबाच्या देशात राज्यकारभार कसा चालतो याविषयी त्यांच्या मनात जो आदर होता तो त्या दिवशी पुष्कळच कमी झाला.

शेजारी राहणारे एक सुरती काका कधी कधी नानांची फिरकी घेतात. मराठ्यांनी दुसऱ्यांची पूर्वचरित्रे काय शोधावी, म्हणतात, १६६४ आणि १६७० अशा दोन वेळा आमचे शहर कोणी लुटले? यावर नाना एरवी चिडत नाहीत, पण मुद्दा सोडीत नाहीत. महाराजांनी १६६४ च्या जानेवारीत शहराबाहेर मुक्काम करून, सुभेदार इनायतखानास आणि वीरजी व्होरासारख्या धनिकांस जासुदाकरवी आगाऊ निरोप धाडला होता, की समक्ष येऊन खंडणी ठरवा, नाही तर परिणामास तयार राहा. खान किल्ल्यात जाऊन लपला, तो भाग निराळा. "काका, याले म्हनतस प्रतिज्ञापत्र! बठ्ठं पहिलेच सांगेल व्हतं!" काका हसतात आणि घारीचा डबा पुढे करतात.

आता नानांच्या स्वतःच्या प्रकरणाकडे वळले पाहिजे, जे टाळता आले असते तर मला बरे वाटले असते.

२०१८ च्या त्या निकालाने भारावून नानांनी आमच्या गल्लीतील गणेशोत्सव मंडळात ठराव मांडला की अध्यक्षापासून आरतीच्या तबकवाल्यापर्यंत प्रत्येक पदाधिकाऱ्याने आपल्या पूर्वायुष्याचे लेखी निवेदन गणपतीसमोर ठेवावे. तरुण मंडळींनी कुरकूर केली, एकाने तर घाबरून खजिनदारी सोडली. पण ठराव मंजूर झाला आणि सल्लागार या नात्याने पहिला कागद नानांनी ठेवला. त्यावर सुवाच्य अक्षरात एकच शब्द होता: निरंक. तो कागद वर्षानुवर्षे मंडळाच्या दप्तरात आदर्श नमुना म्हणून राहिला.

मागच्या वैशाखात नानांच्या नातीच्या लग्नास त्यांचे साडू नंदुरबारहून आले. साडू हा नातेसंबंध धर्मशास्त्राने कशासाठी निर्माण केला याविषयी मतभेद असतील, परंतु पूर्वचरित्र प्रकट करणे हे त्याचे एक कार्य आहे यात शंका नाही. जेवणानंतर ओट्यावर भरली सभा, आणि साडूंनी १९७८ सालची कथा लावली. नवापूरचे स्थानक निम्मे महाराष्ट्रात आणि निम्मे गुजरातेत आहे, हे पुष्कळांस ठाऊक असेल; तेथल्या एका बाकावर दोन प्रवासी शेजारी बसले तर दोघे दोन राज्यांत असू शकतात. जी बाटली फलाटाच्या एका टोकास केवळ बाटली असते, ती चार पावले पुढे नेली की दारूबंदीच्या कायद्याखाली मुद्देमाल होते. अशी एक बाटली तरुण नानांनी भरताच्या वांग्यांच्या पिशवीत तळाशी घालून गाडीत ठेवली. पुढल्या कोणत्या तरी स्थानकावर शिपायाने पिशवी उचलली, आणि वांगी वाजली. रात्र कोठडीत गेली, सकाळी दंड भरला, वांगी जमादाराने ठेवून घेतली. घरी सांगितले, गाडी लेट झाली. एवढ्यावर थांबते तरी बरे. पण साडूंनी आवाज खाली आणून, म्हणजे अधिक ऐकू जाईल अशा रीतीने, सांगितले की दुसऱ्या दिवशी मिलमध्ये पोहोचल्यावर टाइमकीपरने हजेरीपट उघडला आणि आदल्या दिवसाच्या रकान्यात स्वतःची हजेरी मांडली.

मी नानांकडे पाहिले. चाळीस-पंचेचाळीस वर्षे दुसऱ्यांचे खाडे मोजणाऱ्या त्या मनुष्याच्या चेहऱ्यावर जे भाव होते ते भीतीचे नव्हते; मला तर ती एक प्रकारची उत्सुकता वाटली. आता गल्ली हादरणार, कोणी तरी दप्तरातला तो कागद आणावयास धावणार, दोन तट पडणार, एक तट राजीनामा मागणार आणि दुसरा कारस्थान म्हणणार! नानांनी धोतर सावरले आणि खुलाशासाठी घसा साफ केला.

मंडळाच्या अध्यक्षाने जांभई दिली. "आम्हाला माहीत होतं, नाना," तो म्हणाला. माझ्या पत्नीस माहीत होते. दूधवाल्यास माहीत होते. सुरती काकांना तर वांग्यांची संख्याही माहीत होती. नानांच्या पत्नींनी आतूनच सांगितले की त्या दिवशी गाडी लेट नव्हती हे त्यांना त्याच दिवशी कळले होते, कारण त्यांचा भाऊ त्याच गाडीने आला होता. पाच मिनिटांत विषय मांडवाच्या भाड्यावर गेला.

नाना त्या रात्री जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी, आणि तिसऱ्या दिवशीही, ते कोणाच्या ना कोणाच्या दारात उभे असलेले दिसत. प्रथम हवापाण्याच्या गोष्टी, मग नवापूर स्थानकाची भौगोलिक रचना, आणि मग समोरच्याच्या चेहऱ्याकडे रोखून पाहणे. पण सारी गल्ली पक्की तयार झालेली होती, आणि तिला तयार करणारा गुरू स्वतः तेच होते.

चौथ्या सकाळी आमच्या मागच्या खोलीत एक नवा भाडेकरू आला. ओडिशातील गंजाम जिल्ह्याचा, यंत्रमागावर रात्रपाळी करणारा, वयाने पंचविशीचा. बारा तास माग चालवून आलेला तो बिचारा नळाखाली तोंड धूत होता, तेव्हा नानांनी त्यास गाठले. मोडक्यातोडक्या हिंदीत त्यांनी सारी कथा सांगितली: बाटली, वांगी, शिपाई, कोठडी, हजेरीपट, आणि निरंक. माणूस टॉवेल खांद्यावर टाकून ऐकत राहिला.

"फिर क्या हुआ?" त्याने विचारले.

नाना बराच वेळ विचार करीत उभे होते. "कुछ नहीं हुआ," ते अखेर म्हणाले.

"कुछ भी नहीं?" त्याचे डोळे विस्फारले, तोंड उघडे राहिले, नळ तसाच वाहत राहिला.

नाना माझ्या दारावरून परत गेले तेव्हा त्यांची चाल पूर्ववत झाली होती. पायरीशी थांबून, आजूबाजूस पाहून, अत्यंत समाधानाच्या स्वरात ते म्हणाले, "मास्तर, त्याले माहीत नव्हतं."