ओलावा बारा टक्के

आमच्या वाशीम जिल्ह्यातल्या माध्यमिक शाळेत नवखा माणूस आला आणि संगणक कक्ष कुठे म्हणून विचारू लागला, तर त्याला वाट दाखवावी लागत नाही. व्हरांड्यात ज्या दाराबाहेर चपलांचा ढीग दिसेल, ती खोली. प्रयोगशाळेत आम्लं असतात, फुटक्या परीक्षानळ्या असतात. तिथे पोरं चपलांसकट शिरतात. संगणकापुढे मात्र अनवाणी. आत निळ्या कापडाचे, कडेला झालर लावलेले झगे घालून यंत्रं ओळीने बसलेली असतात. किल्ली बाबूंकडे, आणि बाबू पगारबिलं घेऊन वेतन पथकात गेलेले. गाभाऱ्याची सगळी लक्षणं या खोलीत आहेत. प्रसाद तेवढा मिळत नाही. खंडेनवमीला झगे उतरतात, हार चढतात, कीबोर्डवर हळदकुंकू पडतं, आणि पुढे दिवाळीपर्यंत एखादं बटण दाबलं की ते वर यायला जरा विचार करतं.

मूळचा मी गणिताचा माणूस. पण 'सर, तुम्हाला मोबाइल बरा जमतो' या एका शैक्षणिक अर्हतेवर संगणकाचा तास माझ्याकडे आला. त्याआधी हा विषय कसा शिकवला जाई, ते मला वह्यांवरून कळलं. पहिल्या पानावर व्याख्या: संगणक हे एक इलेक्ट्रॉनिक यंत्र आहे. दुसऱ्या पानावर संगणकाचे जनक. चार्ल्स बॅबेज हे नाव आमचा अख्खा वर्ग एका सुरात म्हणतो, तेही प्रतिज्ञेच्या चालीवर. तिसऱ्या पानावर पट्टीने काढलेला मॉनिटर, आणि त्याशेजारी शेपटीसह माउस. शेपूट लांब आणि वळणदार काढणाऱ्याला एक गुण जास्त मिळत असावा, कारण काही शेपट्या समास ओलांडून मागच्या पानावर गेल्या होत्या. सीपीयू हा संगणकाचा मेंदू असंही लिहिलं होतं. तो मेंदू उघडून पाहायची परवानगी आजवर कोणाला मिळाली नव्हती, ही गोष्ट वेगळी.

याचा दोष पोरांना देण्यात अर्थ नाही. देशातल्या निवडक शाळांत संगणक आले ते १९८४ साली, केंद्राच्या 'क्लास' प्रकल्पातून. ती बीबीसी मायक्रो नावाची यंत्रं होती आणि त्यांची स्मृती ३२ किलोबाइट. आज सकाळी सहाला काकांकडून येणाऱ्या सुप्रभातच्या एका फुलाला याहून जास्त जागा लागते. पुढे २००१ साली एमएस-सीआयटी आली आणि घरोघरचे वडील, काका, आत्या प्रमाणपत्रासाठी माउस धरायला शिकले. २००४च्या डिसेंबरात शाळांसाठी 'आयसीटी अ‍ॅट स्कूल' योजना आली. २०१८ साली नीती आयोगाने नंदुरबार, गडचिरोली आणि उस्मानाबादसोबत वाशीमला आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत घेतलं. तेव्हापासून आम्ही अधिकृतपणे आकांक्षा बाळगून आहोत.

तशी संगणकाशी आमची सोयरीक जुनी आहे. विजय भटकर यांचा जन्म १९४६ सालचा, मूर्तिजापूर तालुक्यातल्या मुरंब्याचा. वाशीम जिल्हा अकोल्यातून वेगळा झाला १ जुलै १९९८ रोजी. म्हणजे १९९१ साली त्यांचा परम ८००० हा महासंगणक तयार झाला तेव्हा मुरंबा आणि आम्ही एकाच जिल्ह्यात होतो, आणि हा हक्क मी वर्गात सोडत नाही. याच मूर्तिजापुराहून कारंज्यावरून यवतमाळला शकुंतला नावाची छोटी आगगाडी जायची. तिचा वेग ज्या मुलखाने पाहिला, तिथल्या माणसाला अतिवेगवान यंत्र बांधावंसं वाटलं, याचं मला तरी नवल वाटत नाही.

संगणकाचा तास आणि लाइन यांचं मात्र जन्माचं वैर. तासाची घंटा झाली की लाइन गेली. इन्व्हर्टर कार्यालयापुरता, कारण तिथे मुख्याध्यापकांचा पंखा. मग मी पोरांना मैदानावर न्यायला लागलो. हे काही माझ्या डोक्यातून निघालेलं नाही. न्यूझीलंडच्या टिम बेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्वदच्या दशकातच यंत्राविना संगणकशास्त्र शिकवायचे खेळ रचले होते. आपल्याकडेही एसीएम इंडियाची 'सीएसपाठशाळा' त्याच वाटेने जाते. त्यांनी हे शिक्षणाच्या तळमळीतून केलं. मी लाइन गेली म्हणून केलं.

मैदानावरचा पहिला खेळ क्रमवारीचा. चाळीस पोरं एका ओळीत, कशीही. नियम एकच: आपल्या शेजाऱ्याशी उंची ताडून पाहायची, डावीकडचा उंच असेल तर जागा बदलायची, मग पुढची जोडी. एक फेरी झाली की सगळ्यांत उंच पोरगा टोकाला पोचतो. पुन्हा पहिल्यापासून. सगळी रांग लागेपर्यंत, नशीब वाईट असेल तर, सातशे ऐंशी वेळा ताडून पाहावं लागतं. आमचे पीटीचे सर हे कडुनिंबाखाली उभे राहून पाहत होते. त्यांना राहवलं नाही. ते आले आणि "तू इकडे, तू तिकडे, ए उंट, मागे" असं करत मिनिटभरात त्यांनी रांग लावून दिली.

"सर," एक पोरगी म्हणाली, "पीटीच्या सरले तर एका नजरेत समजते. मंग कॉम्प्युटरले सगयी पोरं एकदम काहून दिसत नाहीत? आंधयं हाये का ते?"

वर्षभरात मला आलेला हा सर्वांत चांगला प्रश्न. आंधळं नाही, पण एका वेळी त्याला दोनच पोरं दिसतात. कोण उंच, एवढंच त्याला विचारता येतं. बाकी सगळं आपण सांगायचं: कुठून सुरू करायचं, कुठे थांबायचं, दोघं सारख्याच उंचीचे निघाले तर काय. पीटीच्या सरांना जे आपसूक येतं, ते शब्दांत मांडायला सांगितलं तर तेही अडतात. हे अडणं म्हणजेच आमचा अभ्यासक्रम. मूलतत्त्वं म्हणून जी काही आहेत ती मला तरी त्या झग्याच्या आत सापडली नाहीत. ज्याला काहीच ठाऊक नाही, त्याला आपल्याला ठाऊक असलेली गोष्ट पायरी न गाळता सांगता येणं, एवढंच ते आहे. आणि ते भयंकर कठीण आहे. घरात भांडणं होतात ती बहुतेक याच एका कौशल्याच्या अभावी.

एक ते हजारमधली कोणतीही संख्या दहा प्रश्नांत ओळखायची युक्तीही तिथेच झाली. दर प्रश्नाला निम्म्या संख्या बाद करत जायच्या. पोरांनी हिला जादू मानलं, आणि दुसऱ्या दिवशी एकाने वडिलांकडून पैजेचा आलूबोंडा जिंकल्याची बातमी आणली. संगणकशास्त्राचं आमच्या गावातलं हे पहिलं आर्थिक उत्पन्न.

शून्य आणि एकचा धडा मात्र मी मराठीच्या मॅडमच्या तासातून उचलला. त्या शेजारच्या वर्गात वृत्तं शिकवत होत्या. यमाताराजभानसलगा. भिंतीपलीकडून येणारी ती घोकणी ऐकता ऐकता मी फळ्यावर लघूला शून्य आणि गुरूला एक लिहीत गेलो: ०१११०१०००१. आता यातले कोणतेही लागोपाठ तीन अंक घ्या. ०११ हा य गण, १११ म, ११० त, १०१ र, ०१० ज, १०० भ, ००० न, ००१ स. आठही गण, प्रत्येक एकदाच, एकही राहिला नाही. तीन जागा आणि प्रत्येक जागी दोनच पर्याय असले की आठाच्या वर जाताच येत नाही. हे पोरांना त्या दिवशी कळलं, आणि आठच गण का असतात हेही कळलं. त्यावर कोणीच आजवर का बोललं नव्हतं, असं त्यांनी मॅडमना विचारलं. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. लघु-गुरूंच्या शक्य तेवढ्या रचना ओळीने मांडायची रीत पिंगलाने छंदःशास्त्रात दिली आहे आणि डोनाल्ड नूथ यांनीही आपल्या ग्रंथात तिची दखल घेतली आहे. म्हणून पिंगलाने संगणक शोधला असं मात्र मी म्हणणार नाही. ते काम कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर सुखरूप पार पडलं आहे.

तरी हा धडा वाशीमला व्हावा यात एक औचित्य आहे. वाशीम म्हणजे जुनं वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. राजशेखराने काव्यमीमांसेत काव्यपुरुष आणि साहित्यविद्यावधू यांचं लग्न लावलं, ते विदर्भातल्या याच वत्सगुल्मात. हजारेक वर्षांपूर्वी ज्या गावात काव्याचं लग्न लागलं, तिथे आज गणितवाल्याने मराठीवाल्यांच्या तासाला कान लावला, तर त्यात गैर काही नसावं.

लाइन असली की मग आम्ही अनवाणी आत जातो आणि पायथॉन उघडतो. तो परका असला तरी मराठीचं वावडं त्याला नाही. 'ओलावा' हे नाव देवनागरीत दिलं तर चालतं. वापरणाऱ्याने १२ हा आकडा मराठीत टंकला तरी त्याची संख्या करून घेता येते. पुस्तकात अट शिकवायला लीप वर्षाचं उदाहरण होतं. लीप वर्षाशी आमच्या पोरांचं काही देणंघेणं नाही. सोयाबीनशी आहे. हमीभावाच्या खरेदी केंद्रावर पोतं सोडतात, मूठभर दाणे मीटरमध्ये टाकतात, आणि मग बाप त्या आकड्याकडे कसा पाहतो, हे वर्गातल्या निम्म्या पोरांनी पाहिलेलं आहे. मी फळ्यावर लिहिलं: जर ओलावा बारा टक्के किंवा कमी, तर 'खरेदी', नाहीतर.

"नाहीतर काय लिहू सर?"

"माल परत," मी म्हणालो.

वर्ग हसला. "परत कोन नेते सर? गाडीभाडं कोन देईन? व्यापारी लिहा."

"व्यापारीच लिह्य बे, का इचारून राह्यला," असं मागून अनुमोदनही आलं. मी परत खोडून व्यापारी लिहिलं. तेवढ्यात मघाच्याच पोरीने हात वर केला. तिच्या मते नाहीतरच्या आधी एक गोष्ट राहिली. वाळवणं. ओलावा जास्त निघाला तर माणूस लगेच विकत नाही. अंगणात ताडपत्री पसरतो, उन्हात घालतो, पुन्हा मोजतो, पुन्हा घालतो. पुनरावृत्ती हा पुढच्या आठवड्याचा पाठ होता. तो असा न बोलावता आला. जोपर्यंत ओलावा बाराच्या वर, तोपर्यंत वाळव. फळ्यावर झकास दिसलं.

"आन् आभाय आलं तं?" एकाने विचारलं.

खरंच की. आभाळ आलं, ओलावा उतरेना, तर हे फिरतच राहणार. चक्रातून मधेच बाहेर पडायची सोय पायथॉनमध्ये आहे, ती कधी वापरायची, असं मी विचारलं. पुस्तकी उत्तर माझ्याजवळ होतं, पण ते द्यायची वेळ आली नाही.

"बाबाले पैसे लागले का सर," तो पोरगा म्हणाला, "मंग तसंच इकते."

मी ब्रेक हा शब्द लिहिला आणि त्याच्या वर अट म्हणून 'पैसे लागले'. शिकवायला याहून नेमकं उदाहरण मला कुठल्याही पुस्तकात मिळालं नसतं, आणि मिळालं असतं तर बरं वाटलं असतं की नाही, सांगता येत नाही.

पालकांना आपण काय सांगायचं, हा मला नेहमीचा पेच. ते येतात आणि विचारतात, "सर, आमच्या पोराले कॉम्प्युटर येते का?" हो म्हटलं की खिशातून मोबाइल निघतो. "मंग याचा पासवर्ड लागून राह्यला नाही, तेवढं त्याले पाहाले सांगा." पोरगा क्रमवारी लावतो, गण मांडतो, सोयाबीन वाळवतो, पासवर्ड मात्र त्याला येत नाही. बापाच्या लेखी वर्ष वाया गेलेलं असतं.

सोयाबीनचा तो धडा झाला ते २०२४ साल होतं. हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये. दिवाळीची सुट्टी संपायच्या सुमारास बातमी आली की केंद्राने त्या हंगामापुरती ओलाव्याची हद्द बारावरून पंधरा टक्के केली. शाळा उघडल्यावर पहिल्याच तासाला मी म्हटलं, चला, आपापला प्रोग्राम दुरुस्त करा. आंधयं हाये का म्हणणाऱ्या पोरीने 'हद्द' असं नाव देऊन आकडा एकदाच अगदी वर लिहून ठेवला होता. तिने दोनाचा पाच केला आणि ती हात बांधून बसली. वर्गातल्या सगळ्यांत वेगाने टंकणाऱ्या हुशाराने मात्र जिथे लागेल तिथे बारा, बारा, बारा असं लिहिलं होतं. त्याने एकेक शोधून बदलले, एक राहिला, आणि त्याच्या संगणकावर तोच माल आधी खरेदी होऊन मग व्यापाऱ्याकडेही जाऊ लागला.

"सरकारनं आधी सांगाले पाह्यजे होतं ना सर," तो वैतागून म्हणाला.

सरकार सांगत नाही म्हणून तर आकडा वर लिहायचा, मी म्हणालो. त्याला ते पटलं, जरा जास्तच पटलं. उद्या आणखी काय काय बदलेल याचा विचार करून त्याने सगळीच नावं वर नेली. हद्द लिहिली, तिच्यापुढे पंधरा. खाली 'भाव' लिहिलं, बरोबरचं चिन्ह दिलं, आणि भाव तर रोजच बदलतो म्हणून पुढची जागा कोरी सोडून दिली. पायथॉनला कोरी जागा चालत नाही. लाल अक्षरांत त्याने तसं कळवलं.

"याले भाव पाह्यजे म्हन्ते सर," तो म्हणाला.

"आमालेही पाह्यजे," मागच्या बाकावरून आवाज आला.