नोझलभाऊ

यवतमाळ जिल्ह्यात गाडीचं बॉनेट एकट्यानं उघडता येत नाही. दत्त चौक असो, पांढरकवड्याचा बसस्टँड असो की आर्णी रोडवरची चहाची टपरी, बॉनेटला दांडी टेकवून मान वर करावी तोवर आत डोकावणारे जमलेले असतात. एक जण ऑइलची पट्टी काढून वास घेतो. दुसरा "बॅटरी डाऊन हाये" म्हणतो; तो प्रत्येक गाडीला हेच म्हणतो. तिसरा काहीच बोलत नाही, कारण त्याच्या तोंडात खर्रा असतो. तो नोझलभाऊ.

नोझलभाऊचं वय पंचेचाळिशीच्या पुढचं कुठलंही असतं, आडनाव कुठलंही असतं, आणि त्याच्याकडे स्वतःची चारचाकी कधीच नसते. त्याचं शिक्षण कृषी सेवा केंद्राच्या ओट्यावर झालेलं. पऱ्हाटी गुडघ्याला लागली की फवारणी सुरू होते आणि फवारणी सुरू झाली की पाठीवरचे पंप बिघडू लागतात. कुणाचं वायसर गेलेलं, कुणाची नळी फाटलेली, बहुतेकांचं नोझल चोक. असे पंप खोलता खोलता त्याला कधीतरी साक्षात्कार झाला, की मोटारीच्या काचेवर पाणी उडवणारं यंत्र म्हणजे बसल्या जागी चालवायचा फवारणीचा पंपच आहे. टाकी, मोटर, नळी आणि शेवटाला बारीक भोकाचं नोझल. तेव्हापासून त्याच्या कॉलरच्या आत एक टाचणी कायम खोचलेली असते, आणि पाकिटात, जिथे बाकीचे लोक गजानन महाराजांचा फोटो ठेवतात तिथे, फोटोच्या मागे, ब्रेकच्या केबलमधली एक सुटी तार गुंडाळून ठेवलेली असते.

बदलीवर आलेले बँकेचे साहेब हे त्याचं आवडतं गिऱ्हाईक. साहेब दांडी ओढतात, वायपर कोरड्या काचेवर कर्रकर्र फिरतात, पाण्याचा थेंब नाही. साहेबांचा चेहरा पडतो. जमलेल्यांपैकी कुणाचाही पडत नाही, कारण पाणी न येण्याचं यवतमाळकराला नवल राहिलेलं नाही. 2018 च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह, दोन्ही धरणांनी तळ दाखवला होता, तेव्हा दारात आलेल्या पाहुण्याला आधी "आंघोळ करून आले ना?" असं विचारायची पद्धत पडली होती.

"सेल्फ नका मारू. निस्ती चावी फिरवा," नोझलभाऊ खर्रा एका गालातून दुसऱ्या गालात सारत म्हणतो. "आता दांडी वढा. अन् कोणी बोलू नका बे."

तो कान बॉनेटच्या आत घालतो. टपरीवाला स्टोव्ह बारीक करतो. आतून बारीकशी घूंऽऽ येते.

"मोटर जित्ती हाये," निकाल लागतो. "टाकीत पाणी हाये?"

"असेलच की."

"असंनच म्हंजे? झाकन उघडून पाह्यलं कधी?"

साहेबांनी ते निळं झाकण जन्मात उघडलेलं नसतं. मग नोझलभाऊ त्यांना एका साहेबांची गोष्ट सांगतो. त्यांनी म्हणे वर्षभर शॅम्पूच्या पुड्या भलत्याच टाकीत ओतल्या, ती निघाली कूलंटची, आणि उमरखेडच्या रस्त्यावर इंजिनला फेस आला. ही गोष्ट तो प्रत्येक साहेबांना सांगतो आणि दर वेळी ते साहेब वेगळ्या बँकेत असतात.

पाणी असूनही धार नसेल, तर तो नोझलच्या बुडाची रबरी नळी उपटतो आणि पुन्हा दांडी ओढायला लावतो. नळीतून पाणी उसळलं तर गुन्हेगार नोझल, तपास संपला. नाही उसळलं तर मागं मागं जायचं: बॉनेटच्या बिजागरीत मुडपलेली नळी, सुटलेला टी-जॉइंट, उंदरानं कुरतडलेला तुकडा आणि शेवटी टाकीच्या तळाची शेवाळानं लिंपलेली जाळी. उंदरांसाठी त्याच्याकडे स्वतःचा उपाय आहे. तो पुडीतला चिमूटभर खर्रा बॉनेटच्या कोपऱ्यात ठेवतो. त्यानं उंदीर जातात की त्यांनाही तल्लफ लागते, याची शहानिशा कुणी केलेली नाही.

घूंऽऽ आलीच नाही, तर आधी फ्यूज. फ्यूज शाबूत असेल तर टाकीच्या बुडाशी बसवलेल्या मोटरीला स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं दोन टिचक्या. बरेच दिवस कोरडी राहून अडकलेली मोटर कधी कधी एवढ्यानंही फिरते. नाहीच फिरली तर नवी आणावी. ती रबरी बुचात नुसती दाबून बसवलेली असते आणि काही शे रुपयांत मिळते. पुष्कळ गाड्यांत टाकी पुढच्या चाकाआड असते. गॅरेजवाला त्यासाठी अख्खा बंपर उतरवतो, कारण बंपर उतरवला की बिल चढतं. नोझलभाऊ स्टेअरिंग एका अंगाला वळवायला सांगतो, चाकावरचं प्लास्टिक जरासं सारतो आणि गाईच्या डॉक्टरसारखा खांद्यापर्यंत हात आत घालतो.

पण खरा आरोपी मोटर नव्हे, पाणी. बोअरचं जड पाणी टाकीत भरायचं, त्यात कपड्याचा साबण कालवायचा आणि गाडी मे महिन्याच्या 45 अंशांत उभी करायची. पाणी उडून जातं, क्षार नोझलच्या भोकात राहतो. वणीकडे तर कोळशाची भर. वणी-घुग्घुस रस्त्यावर ट्रकमागून चार किलोमीटर गेलं तरी काच काळी होते, आणि त्या भुकटीवर कोरडा वायपर फिरवणं म्हणजे काचेला पॉलिशपेपर मारणं. वायपरचं पेटंट 1903 साली मेरी अँडरसन नावाच्या अमेरिकन बाईंनी घेतलं. त्यांना न्यूयॉर्कच्या ट्रामच्या काचेवरचं बर्फाळ पाणी पाहून ते सुचलं होतं. वणीचा रस्ता त्यांच्या पाहण्यात आला असता तर त्यांनी वायपरच्या आधी पाण्याच्या टाकीचा विचार केला असता.

एका बाबतीत मात्र नोझलभाऊ थट्टा चालवून घेत नाही. साहेबांनी घाईत नोझल ओठाला लावून फुंकायला घेतलं की तो ते हातातून हिसकावतो. "तोंड नाही लावाचं!" गाडीच्या टाकीत साबणाचंच पाणी आहे हे त्यालाही कळतं. पण 2017 च्या खरिपात याच जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. ज्या ओट्यावर तो पंप दुरुस्त करायचा, तिथे चोक झालेलं नोझल तोंडानं फुंकणारी माणसं त्यानं रोज पाहिली होती. त्या सालापासून त्याच्या समोर कुणी कुठल्याच नोझलला तोंड लावत नाही.

बाकी जगातले सगळे प्रश्न त्याच्या लेखी एकाच जातीचे, कुठंतरी काहीतरी अटकलं हाये. पोराचं लग्न जमत नाही, चोक. पीकविम्याचे पैसे येत नाहीत, चोक, अन् जाळी वरच्या अंगाला हाये. वेगळ्या विदर्भाबद्दल विचारलं तर तो नळीतला एनआरव्ही, म्हणजे पाणी एकाच दिशेनं जाऊ देणारा बारका झडपतुकडा, तळहातावर घेऊन दाखवतो. "हे पाहा. कोळसा गेला, कापूस गेला, लाईट गेली. वापस काही येते का? मुंबईनं आपल्याले एनआरव्ही लावला हाये." विदर्भवादी नेते जांबुवंतराव धोट्यांनी उभी हयात जे भाषणांतून सांगितलं, ते हा आठ आण्यांच्या प्लास्टिकवर समजावतो.

त्याचा पराभव नव्या गाड्यांनी केला. जुन्या नोझलमध्ये बारीक गोळी असायची. टाचणी खुपसली की भोकही साफ आणि दिशाही नीट. नव्या गाड्यांतलं नोझल पंख्यासारखी तुषारांची झालर सोडतं. त्यात आतल्या आत पाण्याला हेलकावा देणारी नक्षी असते आणि टाचणी घातली तर तीच बिघडते. पुण्याहून सुट्टीवर आलेला एक पोरगा मोबाइलवरचा व्हिडिओ दाखवत म्हणाला, "अंकल, पिन नका घालू." सगळ्या चौकासमोर. नोझलभाऊ दोन दिवस टपरीवर फिरकला नाही. तिसऱ्या दिवशी आला तेव्हा त्याच्या खिशात व्हिनेगरची बाटली होती, शेजारच्या चायनीजच्या गाडीवरून मागून आणलेली. आता तो नव्या नोझलला कोमट व्हिनेगरमध्ये भिजत घालतो, क्षार विरघळेपर्यंत चहा पितो आणि विचारणाऱ्याला सांगतो, "पिन घालाची नसते, लेका. अंदर नक्षी राह्यते."

साहेबांची गाडी मात्र जुनी, गोळीच्या नोझलची. तो टाचणीनं भोक मोकळं करतो आणि नेम धरतो. वेगात वारा धार खाली दाबतो म्हणून नेम थोडा वरच हवा, हे खरं. पण त्याच्या मनातला वेग विमानाचा. "मारा!" म्हणताच धार काच सोडून टपावरून पलीकडे जाते आणि गाडीमागे मोबाइलवर बोलत असलेल्या एका भावी नगरसेवकाचा कडक इस्त्रीचा झब्बा भिजवते. भावी असल्यामुळे त्यांना हसावं लागतं. दुसऱ्या टाचणीत नेम बसतो. काच भिजते, वायपर गुपचूप फिरतात, साहेबांना लहान मुलासारखा आनंद होतो आणि ते पुन्हा पुन्हा दांडी ओढत सुटतात.

"काय जी भाऊ," गुंड कमरेवर घेतलेली एक बाई रस्त्यातच थांबते, "आमच्या नळाले आठ दिवसांपासून थेंब नाही, अन् तुमी काच धुऊन राह्यले?"

साहेब ओशाळून दांडी सोडतात. पैसे विचारतात; नोझलभाऊ हातानंच नाही म्हणतो, कारण त्याचं लक्ष केव्हाच गाडीवरून उडालेलं असतं. तो खर्रा थुंकून येतो आणि टाचणी कॉलरला न लावता हातातच ठेवतो.

"मीटरच्या अलीकडची जाळी कोणी पाह्यली का, वहिनी? चला, दाखवा."