दाजींचं पांढरं अस्वल

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात कर्मोड नावाचं अस्वल असतं. जात काळ्या अस्वलाचीच, पण आई आणि बाप दोघांकडून एक ठरावीक जनुक आलं की पिल्लू साईच्या रंगाचं निपजतं. नाक मात्र काळंच राहतं. भाचीनं तिथल्या वन्यजीव उद्यानातून असल्या अस्वलाचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. सांगलीच्या मेहुण्यानं लगेच खाली लिहिलं, 'दाजी, आमच्या चांदोलीतबी हाय की.'

मी सातारकर. कोयना अभयारण्य आमच्या जिल्ह्यात असताना सांगलीकरानं मला अस्वल शिकवावं? कोयना आणि चांदोली २०१० पासून एकाच सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहेत आणि अस्वलाला जिल्ह्याची हद्द कळत नाही, हे खरं. पण मला कळते ना! नवी दुर्बीण, खाकी टोपी, अठरा खिशांचं जाकीट आणि पाठ केलेलं अस्वलशास्त्र असा सरंजाम घेऊन मी मेहुण्यासह शिराळ्यामार्गे चांदोलीत दाखल झालो.

जीपमध्ये वाटाड्याला माहिती मीच देत होतो. आपलं अस्वल वाळवी ओढून खातं, म्हणून वरचे मधले दोन दात त्याला नसतातच. नजर अधू, नाक तिखट. आयुष्य त्या रानात काढलेला तो माणूस 'व्हय, व्हय' करत होता. शेवटी म्हणाला, "सायेब, बोलणं जरा कमी केलं तर दिसंलबी."

पुढं एक वारूळ उकरलेलं दिसलं. ओली तांबडी माती, तिच्यावर नखांचे लांब ओरखडे, मधोमध मुठीएवढं भोक, आणि भोकाच्या कडेनं वाळवीची नुसती धांदल. जीप थांबली. दिवस कलला होता. करवंदीच्या जाळीमागून फुर्र फुर्र असा आवाज आला. मी दुर्बीण लावली, ती पार शेवटच्या टोकापर्यंत पिळून. भिंगभर पांढरं! केसाळ, मळकट, पण पांढरंच!

"पांढरं! अहो, पांढरं अस्वल!"

ही आरोळी थेट वारणेच्या धरणापर्यंत पोचली असणार. जाळी हलली, काळंकुट्ट धूड वळलं आणि गेलं. मेहुण्याच्या वाट्याला तेवढी पाठ आली.

वाटाड्यानं डोकं खाजवलं. "सायेब, त्येच्या छातीवर पांढरा पट्टा असतोय. तुमी तेवढाच बघितला."

हे मला पाठ होतं. घाटावरून येताना मेहुण्याला म्हणूनही दाखवलं होतं.

त्या रात्री ग्रुपवर मेहुण्यानं निवेदन दिलं: 'दाजींना पांढरं अस्वल दिसलं. चार बोटं.'

तर मंडळी, पावसाळ्यात उद्यान बंद असतं, तेवढे महिने सोडून चांदोलीला अवश्य जा. वाटाड्या घ्या आणि त्याला बोलू द्या. दुर्बीण हवी असेल तर आमच्याकडे आहे, एकदाच वापरलेली. भावाचं बघून घेऊ.