बादली की शॉवर?

अच्युतकाकांना स्पीकर विचारायला जाणाऱ्याने घरी सांगून जावं आणि जमलं तर जेवून जावं. 'कुठला घेऊ?' एवढाच प्रश्न घेऊन आलेल्या माणसाला ते उत्तर देत नाहीत, खुर्ची देतात. मग त्यांचे प्रश्न सुरू होतात. कुठे ऐकणार? एकटे की मंडळी जमवून? टेबलावर ठेवणार की फरशीवर? खोलीला पडदे आहेत का? भिंतीला लागून काय आहे, कपाट की पलंग? आमच्या डोंबिवलीच्या इमारतीतल्या एका कॉलेजकुमाराने बिचाऱ्याने सरळ सांगून टाकलं की, आंघोळ करताना गाणी ऐकायला एक छोटासा स्पीकर हवाय. काकांनी चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं,

"बादली की शॉवर?"

पोराला वाटलं, थट्टा चाललीय. काका थट्टा करत नाहीत. खोक्यावर 'आयपीएक्स ७' छापलेलं असतं त्याचा अर्थ स्पीकर एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडवून तपासलाय. नळीने पाण्याचा मारा करून घ्यायची परीक्षा वेगळी, तिचे आकडे ५ आणि ६. सात हा पाचाहून मोठा असला, तरी सातवाला पाचाच्या परीक्षेला बसलेला असतोच असं नाही. बादलीत पडायची भीती असेल तर सात बघ, शॉवरखाली टांगणार असशील तर पाच बघ. आणि मधल्या 'एक्स'चा अर्थ धुळीचा पेपर दिलेलाच नाही. चौपाटीवर न्यायचा असेल तर एक्सच्या जागी सहा पाहिजे. "शिवाय हे सगळं साध्या पाण्यात तपासतात. तू साबण लावतोस का?"

"लावतो."

"आंघोळीला अर्ध्या तासाहून जास्त वेळ लागतो?"

"नाही काका. तेवढ्यात पाणीच जातं."

"मग काळजी नाही," म्हणून काकांनी वहीत काहीतरी टिपून घेतलं. मुलाने शेवटी स्पीकर घेतलाच नाही. हल्ली तो स्वतःच गातो.

काका टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले. जन्मभर लोकांच्या लाइनीतली खरखर ऐकून त्यांचा कान इतका तिखट झालाय की, जिन्यातल्या ट्यूबलाइटच्या चोकची गुणगुण त्यांना झोपू देत नाही. गाण्यातलं कळतं, असं ते कधी म्हणत नाहीत. आवाजातलं कळतं, असं म्हणतात. भीमसेन जोशींची मैफल लावलेली असावी, बाकीची मंडळी षड्जावर डोलत असावीत, आणि काकांनी तानपुऱ्याकडे कान लावून जाहीर करावं, "जोड येतेय. खर्ज गायब." त्यानंतर त्या मैफलीत कुणाचंच लक्ष लागत नाही. सगळे खर्ज शोधत बसतात.

याचं मूळ मर्फीच्या रेडिओत आहे. काकांच्या लहानपणी त्यांच्या चाळीत एकाच बिऱ्हाडात रेडिओ होता. त्याचा परवाना दरवर्षी टपाल कचेरीत पैसे भरून घ्यावा लागे आणि ऐकायला मात्र अख्खी चाळ फुकट. लाकडी पेटी, आत ताटलीएवढा कर्णा, आणि त्यातून निघणारा तो जाड, ऊबदार आवाज. काकांना तोच आवाज आता मुठीत मावणाऱ्या डब्यातून हवा आहे, आणि तो का येणार नाही हे त्यांच्याइतकं नेमकं कुणालाच माहीत नाही. खालचा स्वर काढायचा म्हणजे भरपूर हवा ढकलायची. तेवढ्याशा पडद्याने ती ढकलणं हे पोस्टाच्या तिकिटाने वारा घालण्यासारखं. म्हणून कंपन्या डब्याच्या टोकांना आणखी एक-दोन पडदे बसवतात. त्यांना वायर नसते, आतल्या हवेच्या दाबानेच ते मागेपुढे होतात आणि डबा स्वतःच्या मापापेक्षा मोठं बोलायला लागतो. दुकानात काका त्या पडद्यावर अलगद बोट टेकवून डोळे मिटून उभे राहतात. "अंकल, दबाना मत," दुकानदार कळवळून सांगतो.

"एवढं करूनही डग्ग्याचा खरा घुमारा येतच नाही," काका एकदा चहा घेता घेता म्हणाले. "आपल्याला ऐकू आल्यासारखा वाटतो, कारण वरच्या स्वरांवरून मेंदू तो भरून काढतो. जुन्या टेलिफोनचंच घ्या. तारेतून तीनशे हर्ट्‌झच्या खालचं आम्ही जाऊच देत नव्हतो. पुरुषाच्या आवाजाचा पाया शंभर-सव्वाशेला. म्हणजे हिच्या वडिलांचा मूळ आवाज मी फोनवर कधी ऐकलेलाच नाही. सगळा माझ्या डोक्यानेच तयार केला."

"म्हणून ते काय सांगायचे ते तुम्हाला कधी कळलंच नाही," स्वयंपाकघरातून काकू म्हणाल्या.

वॉट हा शब्द मात्र काकांसमोर जपून काढावा. नव्वदच्या दशकात कुणा नातेवाइकाने त्यांना एक टेपरेकॉर्डर दाखवला होता. त्यावर सोनेरी अक्षरांत 'पीएमपीओ' आणि पुढे हजारांतला आकडा. काकांनी तो उलटा करून मागची पट्टी वाचली. भिंतीतून घ्यायची वीज जेमतेम पंचवीस वॉट. "पंचवीस आत जातात आणि हजार बाहेर येतात? मग याला थेट कोळसेवाडीच्या सबस्टेशनला जोडा, अर्धं कल्याण उजळेल." ते नातेवाईक पुढे लग्नाचं आमंत्रण द्यायला स्वतः आले नाहीत, पत्रिका टपालाने आली. आजही कुणी पाच आणि दहा वॉटच्या स्पीकरांत अडकलं की काका त्याला शांतपणे समजावतात. दुप्पट वॉट म्हणजे फक्त तीन डेसिबल, कानाला जेमतेम जाणवण्याइतके. दुप्पट मोठा वाटायला साधारण दसपट वॉट लागतात. ऐकणाऱ्याचा चेहरा उतरतो, कारण तो दहाचे दोन हजार जास्त द्यायच्या तयारीने आलेला असतो.

मी त्यांच्याबरोबर लॅमिंग्टन रोडला गेलो होतो. (या रस्त्याचं कागदोपत्री नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. ते नाव सांगितलं तर टॅक्सीवाला तुम्हाला दुसऱ्याच टॅक्सीत बसवेल.) दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरलो. वाटेत काकांनी मला ताकीद दिली की, दुकानात गेल्यावर 'छान आहे' असं काही बोलायचं नाही. दुकानातल्या मुलाने तीन-चार डबे मांडले आणि ठणठणीत ठोक्याचं एक पंजाबी गाणं लावलं. काकांनी ते थांबवलं. खिशातून फोन काढून जोडला आणि आकाशवाणीच्या मराठी बातम्या लावल्या. कांद्याचे भाव, पालकमंत्र्यांचा दौरा, विदर्भात तुरळक ठिकाणी पाऊस. दुकानातली गिऱ्हाइकं वळून बघायला लागली.

यातही त्यांचं शास्त्र आहे, आणि वाईट गोष्ट अशी की ते बरोबर आहे. गिटार खरी कशी वाजते हे आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत असतं. माणूस कसा बोलतो हे सगळ्यांनाच. बातम्यांतला 'श' शिट्टी मारू लागला किंवा निवेदक माठात तोंड घालून बोलल्यासारखा वाटू लागला, की डबा नापास. मग काका आवाज अगदी खाली आणतात. मोठा आवाज कुठल्याही स्पीकरला शोभून दिसतो. दुकानदाराला जो खपवायचा असतो त्याचा तो एक काडी वर ठेवतो. बारीक आवाजात खालचे स्वर कानालाच कमी लागतात, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली मांडलं. ते दोघे बेल लॅबोरेटरीजचे, म्हणजे टेलिफोनवाले. हे सांगताना काकांच्या आवाजात असा काही जिव्हाळा येतो की फ्लेचरसाहेब कल्याण एक्स्चेंजला त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसत असावेत. त्या दिवशी सगळे डबे एका पातळीवर आणून, डोळे मिटून, अदलाबदल करकरून ऐकण्यात दुपार गेली. दुकानदाराने आधी चहा मागवला, नंतर मागवणं बंद केलं. शेवटी त्याने विचारलं, "अंकल, लेना कौनसा है?"

"लेना नहीं है," काका म्हणाले. "देखना था."

काकांनी अजून एकही स्पीकर घेतलेला नाही, हे सांगायचं राहिलं. घ्यायचं नक्की आहे. पण २०१६ साली ब्लूटूथचं पाचवं रूप जाहीर झालं तेव्हा ते रुळेपर्यंत थांबू, असं ठरलं. रुळलं तोवर पाच-एक आलं, मग पाच-दोन, पाच-तीन. २०२४ मध्ये सहावं आलं. घाईघाईत आदल्या रूपाचा घेऊन पस्तावणारी माणसं काकांनी पाहिली आहेत. स्वतः त्यांना अजून एकदाही पस्तावावं लागलेलं नाही.

त्यांच्या सल्ल्याने नुकसान होतं ते नवविवाहितांचं. चौथ्या मजल्यावरचं नवं जोडपं गोव्याला निघालं होतं, खोलीत संध्याकाळी गाणी ऐकायला काहीतरी हवं होतं. काकांनी त्यांना प्रथम एका डब्यातल्या स्टिरिओचा फोलपणा सांगितला. डाव्या-उजव्या पडद्यांत चार बोटांचं अंतर. दोन पावलं मागे गेलात की दोन्ही एकाच ठिकाणाहून येतात. तेव्हा एकसारखे दोन घ्या, जोडी लावा, आणि दोन स्पीकर व ऐकणारा असा समभुज त्रिकोण करा. कागदावर आकृती काढून दिली. मुलगी आकृती बघत राहिली. म्हणाली, "काका, तिसऱ्या कोपऱ्यात एकच जण बसणार ना?"

"हो."

"मग दुसऱ्याने?"

काकांनी प्रश्नाचा प्रामाणिकपणे विचार केला. "आळीपाळीने," ते म्हणाले.

लोकलमध्ये फोनवर मोठ्याने गाणी लावणाऱ्यांशी त्यांचं वेगळंच वैर आहे. बेस्टने २०२३ साली बसमध्ये याला बंदी घातली तेव्हा त्यांनी कात्रण कापून पाकिटात ठेवलं. पण ते ऐकवत कुणालाच नाहीत. सकाळच्या गाडीतल्या भजनी मंडळाबद्दल त्यांची तक्रार नसते, तिथे टाळ खरे असतात. फोनवाला दिसला की ते जवळ जातात आणि मायेने सांगतात, "बाळा, ट्रेबल फार झालाय. फोन तळहाताची वाटी करून तिच्यात धर. अजून जरा खोल. आता हनुवटीपासून लांब ने. आला का भरलेपणा?" मुलगा वाटी करतो, डबा सगळा त्याच्याकडे बघतो, ठाकुर्ली यायच्या आत गाणं बंद होतं. काका मात्र हिरमुसतात, कारण आवाज खरोखरच सुधारलेला असतो.

घरात स्पीकर शेवटी आला तो काकूंमुळे. लेकीने आईला कारवान पाठवला. २०१७ साली सारेगामाने काढलेला, पाच हजार जुनी हिंदी गाणी आत भरूनच येणारा, दिसायला ट्रान्झिस्टरसारखा. काकांना यात अपमान वाटला. निवडायचं काही शिल्लकच नाही! गाणीसुद्धा कंपनीने निवडलेली. त्यांनी डब्याला उलटंपालटं केलं, ठोकून पाहिला, ओट्यावरून उचलून फ्रिजवर ठेवला, फ्रिजवरून कोपऱ्यात नेला. "कोपऱ्यात तीन पृष्ठभाग मिळतात, खालचा स्वर वाढतो."

"मला कोपऱ्यात हात पोचत नाही," काकू म्हणाल्या आणि त्यांनी तो पुन्हा डाळीच्या डब्यांशेजारी ठेवला. आता रोज सकाळी शेवग्याच्या शेंगा सोलताना तिथे लता मंगेशकर गातात आणि कुकरची शिट्टी झाली की काकू गाण्याची ओळ स्वतः पुरी करतात. काका हॉलमध्ये पेपर वाचतात. कुकरच्या शिट्टीची पट्टी काळी चार आहे, असं त्यांनी मला खाजगीत सांगितलं.

इमारतीतली पोरं पावसाळ्यात राजमाचीला निघाली तेव्हा मी मुद्दाम ऐकायला गेलो होतो. उघड्यावर खालचा स्वर टिकत नाही, परतवायला भिंती नसतात, वगैरे अर्धा तास होईल, असा माझा अंदाज. काकांनी एकच वाक्य सांगितलं, "ज्याचं चार्जिंग सगळ्यांत लवकर संपतं, तो घ्या." पोरं हसली. काका हसले नाहीत.

गेल्या दिवाळीत मी काही न विचारता एक स्पीकर मागवला. रंग बरा होता, पैशात बसत होता, आणखी काही कारण नव्हतं. रात्री दार लावून, आवाज बारीक ठेवून गाणं लावलं. जेमतेम पहिलं कडवं झालं असेल, बेल वाजली. दारात काका, लुंगीवर स्वेटर. आत आले, बसले नाहीत. स्पीकर काचेच्या टीपॉयवर होता. तो उचलला, खाली घडी केलेला नॅपकिन घातला आणि भिंतीपासून वीतभर पुढे ओढला.

एकदम फरक पडला. डग्गा मोकळा झाला, गाणाऱ्या बाईंचा 'श' मऊ झाला. इतका वेळ गाणं टीपॉयची काच म्हणत होती हे मला तेव्हा कळलं. आम्ही दोघांनी उभ्या उभ्याच गाणं ऐकलं. काकांनी मान हलवली, म्हणजे मला तरी ती दाद वाटली. संपल्यावर त्यांनी चष्मा नाकावर उतरवला, खोकं मागितलं, चारी बाजूंनी वाचलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून विचारलं,

"परत करायची मुदत कधीपर्यंत आहे?"